मेथीवाल्यांचं सर्किट

माणसं दर शनिवारी एकाच टेबलाशी बसली आणि समोर कुणालाच धड न कळणारं काहीतरी असलं, की किस्से आपोआप साठत जातात. कुणी मुद्दाम गोळा करत नाही. आम्ही तर तिघंच होतो. पण समोरची वही अशी होती की दोन वर्षांत माझ्याकडे एवढे किस्से जमले, की ऑफिसच्या कँटीनमध्ये सांगायला बसलो तर डबा गार होतो. ऐकणारे नेहमी मध्येच विचारतात, "थांब, हा कोण?" म्हणून आधी माणसं सांगतो.

मी निखिल. मूळचा नागपूरचा, बेंगळुरूत सर्जापूर रोडला राहतो, काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. सुमित्राक्का म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचं घराणं इथे कधी आलं ते त्यांनाही सांगता येत नाही. "शहाजीराजांच्या वेळी आलो म्हणतात, मी काय बघायला गेले होते की?" असं त्यांचं उत्तर. आणि तिसरे सॅम्युअल अण्णा, वय शहात्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त. छावणी भागात एक जुनं चर्च आहे, एकेकाळचं मेथडिस्ट पंथाचं. तिथे अण्णा चाळीस वर्षं दर रविवारी बायबलमधला उतारा वाचतात. वही त्यांची.

आम्ही तिघं बोलायचो ती भाषा म्हणजे खिचडी होती. माझं हिंदी, अण्णांचं इंग्रजी आणि कानडी, अक्कांचं सगळंच. इथे सगळं मराठीत सांगतोय.

०००

वही अण्णांच्या पणजोबांची. नाव रंगप्पा. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्ट अशी, की रंगप्पा हे खेड्यापाड्यांत पायी फिरून उपदेश करणारे सुरुवातीच्या मेथडिस्ट उपदेशकांपैकी एक, आणि त्यांनी एक अख्खं गाव प्रभूकडे आणलं. वही त्यांच्या प्रवचनांची. फक्त ती कुणाला वाचता येत नव्हती.

अण्णांनी ती आधी एका कानडीच्या प्राध्यापकांना दाखवली. ते म्हणाले, "ही कानडी नाही, तमिळ असेल." तमिळ पाद्री म्हणाले, "तेलुगू असेल." तेलुगू शेजारी म्हणाला, "हे उर्दू आहे, तुम्ही वही उलटी धरलीय." अण्णांनी वही सुलटी केली. तेव्हा तो म्हणाला, "आता तर अजिबातच कळत नाही."

मग एकदा चिकपेटेत नातीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गेले असताना वही पिशवीत होती. तिथून ती पुढे झेरॉक्सला द्यायची होती. दुकानाचे म्हातारे मालक मराठी, कपड्याचे जुने व्यापारी. अण्णांनी साडीचा रंग पाहायला पिशवीतून चष्मा काढताना वही गादीवर ठेवली. मालकांनी ती सहज उघडली आणि म्हणाले, "आमच्या आजोबांची पत्रं अशीच असायची. ही मोडी आहे. मराठी."

अण्णा म्हणाले, "आमच्याकडे मराठी कुणी नाही."

मालक म्हणाले, "पहिल्या पानावर नाव तर आहे. एवढं मला वाचता येतं. रंगोबा शिंपी."

अण्णा सांगतात, त्या दिवशी त्यांनी साडी कुठली घेतली ते घरी गेल्यावर त्यांनाच पाहावं लागलं. सत्तरी ओलांडेपर्यंत कानडी म्हणून जगलेल्या माणसाला भर दुकानात कळलं की पणजोबांची भाषा आपल्याला एका शब्दानंही येत नाही.

०००

त्या मालकांनी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकला: "सर्किटचे जुने कागद वाचायला मराठी जाणकार हवेत. शनिवारी सकाळी. कॉफी मिळेल."

मला वाटलं कुठल्या तरी जुन्या इमारतीचं वायरिंग. मराठीत लिहिलेले नकाशे असतील, म्हणून मराठी माणूस हवा. माझं इंजिनियरिंग इलेक्ट्रिकलचं. मी पिशवीत टेस्टर आणि मल्टिमीटर घेऊन चर्चमागच्या खोलीत हजर झालो. अक्का माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. मी विचारलं, "मेन स्विच कुठेय?"

अण्णांनी नम्रपणे मला स्विच दाखवला. त्यांना वाटलं, पंखा लावायचाय.

मग खुलासा झाला. मेथडिस्टांच्या भाषेत सर्किट म्हणजे एका उपदेशकाला नेमून दिलेल्या गावांची फेरी. या गावाहून त्या गावाला, महिन्याभरात फिरून परत पहिल्या गावी. रंगोबाच्या सर्किटमध्ये बेंगळुरूच्या पश्चिमेकडची चौदा गावं होती. सगळी पायी.

मोडी फक्त अक्कांना येत होती, वडिलांनी शिकवलेली. मला देवनागरीखेरीज काही येत नव्हतं. म्हणजे माझा काहीच उपयोग नव्हता. उठून जाणार होतो, तर अक्का म्हणाल्या, "मी वाचते, अण्णांना कानडीत सांगते, तू लिहून घे. माझ्याच्यानं सगळं होत नाही. स्वल्प बस की." तो स्वल्प दोन वर्षं चालला.

०००

पहिल्याच महिन्यात कळलं की ही प्रवचनांची वही नाहीच. रोजनिशी आहे.

त्या काळी उपदेशकाला रोजनिशी लिहावी लागे आणि दर महिन्याला गोरे मिशनरी साहेब ती तपासत. साहेबांना कानडी उत्तम येई. म्हणून रंगोबानं एक रोजनिशी कानडीत ठेवली होती, साहेबांसाठी. आणि दुसरी मोडीत, खरी.

कानडीतली कुठे गेली कुणाला माहीत नाही. अण्णांच्या घराण्याच्या वाट्याला खरी आली.

०००

रंगोबा नव्या गावात गेला की लोक विचारत, तुम्ही कुठले? तो सांगे, मेथडिस्ट. हा शब्द खेड्यात कुणी ऐकलेला नव्हता. कानडीत मेथीला मेंथ्य म्हणतात. लोकांनी आपापसात ठरवून टाकलं, हे मेंथ्यदवरु, म्हणजे मेथीवाले.

एका गावात त्याला आल्या आल्या मेथीचा भाव विचारला. दुसऱ्या गावात एका बाईनं बाळंतिणीसाठी मूठभर मेथी मागितली आणि नाही म्हटल्यावर ती बिचारी रडायलाच लागली. रंगोबानं लिहिलंय, "पुढील फेरीस मेथी घेऊन गेलो. तिला दिली. मग तिने विचारिले, आता तुझे काय ते सांग."

अक्कांनी हे वाचलं तेव्हा अण्णा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "हे साहेबांच्या वहीत असेल का?"

अक्का म्हणाल्या, "तिथे लिहिलं असेल, एका स्त्रीने आस्थेने विचारपूस केली."

०००

पण मेथीपेक्षा सुई जास्त चालली.

रंगोबा जातीचा शिंपी. उपदेशक झाला तरी सुईदोरा खिशात. एका गावच्या कट्ट्यावर बसून तो बोलत असताना समोरच्या माणसाच्या बंडीचं बटण लोंबत होतं. त्याचं सगळं लक्ष त्या बटणाकडे. शेवटी त्यानं बंडी काढून घेतली आणि बोलता बोलता बटण लावून दिलं.

पुढच्या फेरीला कट्टा भरलेला. बायका मागच्या बाजूला, पुरुष पुढे. प्रत्येकाच्या हातात काहीतरी फाटलेलं. लोक शांत बसून ऐकायचे. कारण मध्ये बोललं की शिंप्याचा हात थांबतो. प्रवचन किती चालणार हे फाटण्यावर ठरायचं. धोतर असलं तर लांब, बटण असलं तर आटोपशीर.

एकदा साहेब स्वतः बघायला आले आणि ती गर्दी पाहून इतके हरखले, की रंगोबाला म्हणाले, "या गावात मोठी धर्मजागृती होणार, मला दिसतंय." परत जाताना गावचा एक माणूस साहेबांच्या घोड्यामागे धावत आला. साहेबांना वाटलं, बाप्तिस्मा हवा असेल. त्यानं साहेबांच्या कोटाची उसवलेली बाही दाखवली आणि म्हणाला, "थांबा की. तो बसलाय तोवर करून घ्या."

साहेब थांबले की नाही, ते वहीत नाही. आम्ही पान दोनदा तपासलं.

०००

हा किस्सा मी सगळ्यांत जास्त वेळा सांगितलाय.

मेथडिस्टांमध्ये क्लास म्हणून एक प्रकार असे. आठवड्यातून एकदा दहा-बारा माणसं जमायची आणि प्रमुखानं एकेकाला विचारायचं, "तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय?" जो नेमानं येईल त्याला छोटं छापील तिकीट मिळे. क्लास तिकीट. नाव, आणि खाली बायबलमधलं एक वचन. बाप्तिस्मा न घेतलेल्यांना ते द्यायचं नाही असा नियम होता. रंगोबानं तो नियम नीट ऐकला नसावा. त्यानं येणाऱ्या सगळ्यांना वाटली.

त्यात मुनियप्पा नावाचा म्हातारा होता. त्याची लेक लांब दिलेली, रेल्वेच्या वाटेवर. तिला बाळ झाल्याचा निरोप आला. मुनियप्पा चालत यशवंतपूर स्टेशनात गेला आणि खिडकीवर क्लास तिकीट ठेवलं.

खिडकीवरच्या बाबूनं ते उलटसुलट पाहिलं. तिकिटासारखं दिसत होतं. क्लास असं छापलेलंही होतं. त्यानं विचारलं, "क्लास कुठला?"

मुनियप्पा म्हणाला, "बुधवारचा."

बाबूला काही सुधरेना. मागे रांग. त्यानं हातानंच जा म्हणून सांगितलं. म्हातारा गाडीत जाऊन बसला. पुढच्या स्टेशनात गार्डानं ते वचन मोठ्यानं वाचलं आणि त्याला उतरवलं. तिथून मुनियप्पा दीड दिवस चालत लेकीकडे गेला. परत आल्यावर पुढच्या फेरीच्या क्लासमध्ये रंगोबानं नेहमीप्रमाणे विचारलं, आत्म्याचं कसं चाललंय? मुनियप्पा म्हणाला, "तुझा धर्म चांगला आहे. पण एकच स्टेशन जातो."

अक्कांना हसू आवरेना. चष्मा काढून ठेवावा लागला. मीही हसत होतो. अण्णांनी मात्र विचारलं, "नातवंड पाहिलं का त्यानं?"

अक्कांनी पान उलटलं, बोट फिरवलं. "पाहिलं. मुलगी होती."

"मग ठीक," अण्णा म्हणाले, आणि तेव्हा हसले.

०००

हा पुढचा किस्सा मी कँटीनमध्ये सांगत नाही.

दुसऱ्या वर्षीच्या एका शनिवारी अक्का वाचत होत्या आणि मी लिहून घेत होतो. एक पान संपलं, त्यांनी दोन पानं एकदम उलटली आणि पुढे वाचायला लागल्या. तारखेत खंड पडला हे मला लिहिताना कळलं, पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प राहिलो.

अण्णांची नजर अधू झाली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण ते म्हणाले, "अक्का, एक पान राहिलं."

"तुम्हाला दिसलं?"

"ऐकू आलं. एका पानाचा आवाज वेगळा असतो."

अक्कांनी वही जराशी स्वतःकडे ओढली. मग म्हणाल्या, "अण्णा, ते तुमच्यासाठी नाही."

"ते माझ्या पणजोबांचं आहे. वाचा."

अक्कांनी वाचलं, मग अण्णांना कानडीत सांगितलं. मी ते तेव्हा लिहून घेतलं, म्हणून शब्द जसेच्या तसे देतो. "आज अकरा वर्षे झाली. चौदा गावांत एकानेही बाप्तिस्मा घेतला नाही. साहेबांस लिहितो की बीज पेरले आहे. मी जे सांगतो ते मी मानितो की नुसते पाठ झाले आहे, हे आता मला समजेनासे झाले. कोणास विचारू? साहेबांस विचारिले तर काढून टाकितील. देवास विचारावे तर तो आहे असे धरूनच विचारावे लागते. उद्या पुन्हा निघणे आहे. चप्पल शिवून घेतली."

मी वहीकडे बघत बसलो. मला कळेना, कुणाची समजूत काढायची. घरातली गोष्ट तर अशी होती, की त्यांनी अख्खं गाव आणलं. अण्णांनी ती गोष्ट मुलांना सांगितली होती, नातवंडांना सांगितली होती, चर्चमध्ये सांगितली होती.

अक्का हळूच म्हणाल्या, "अण्णा, मी म्हटलं होतं."

अण्णा म्हणाले, "चाळीस वर्षं मी तिथे उभा राहून वाचतो. दर रविवारी वाचून झालं की मनात हेच येतं, मी मानतो की पाठ झालंय. मला वाटायचं, आमच्या घराण्यात असा मी एकटाच."

मग ते उठून कॉफी आणायला गेले. तीन कप घेऊन आले, तिन्ही बिनसाखरेचे. आम्ही तसेच प्यायलो. सांगितलं कुणीच नाही.

०००

त्यानंतर दोनच महिन्यांनी चर्चचा वर्धापनदिन आला. दर वर्षी त्या दिवशी अण्णांना पणजोबांबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगतात. अख्ख्या गावाची गोष्ट. लोकांना ती तोंडपाठ आहे.

आदल्या दिवशी अण्णांचा मला फोन. "निखिल, तू टेस्टर ना. एखादी गोष्ट वर्षानुवर्षं चालतेय आणि मग त्यात चूक सापडली, तर तुम्ही काय करता?"

मी म्हटलं, "अण्णा, आम्ही रिपोर्ट करतो. पण लोकांना आवडत नाही."

"सरी," म्हणजे बरं, असं म्हणाले आणि फोन ठेवला.

अक्का आणि मी मागच्या बाकावर बसलो होतो. आम्हाला कधी उभं राहायचं, कधी बसायचं कळत नव्हतं. पुढच्या बाईंकडे बघून करत होतो. त्या गुडघ्याच्या दुखण्यामुळे मध्येच बसल्या, तर आम्हीही बसलो.

अण्णा उभे राहिले. म्हणाले, "मी तुम्हाला इतकी वर्षं सांगत आलो, ते खरं नव्हतं. मला माहीत नव्हतं. माझे पणजोबा मराठी शिंपी होते. चौदा गावांत त्यांनी अकरा वर्षं उपदेश केला. एकाही माणसानं बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांना स्वतःलाही पुढे पुढे खात्री राहिली नाही. त्यांनी पुष्कळ बटणं लावली. एका बाळंतिणीला मेथी नेऊन दिली. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले." एवढं बोलून खाली बसले.

पाद्री तरुण होते, नवे आलेले. त्यांना ही साक्ष आहे की राजीनामा, ते ठरवता येईना. शेवटी ते म्हणाले, "आमेन?"

असं प्रश्नार्थक आमेन त्या चर्चमध्ये पहिल्यांदाच ऐकलं, असं अण्णा म्हणतात.

बाहेर पडताना पुढच्या बाकावरच्या त्या गुडघेवाल्या बाईंनी अण्णांचा हात धरला. मला वाटलं, आता या रागावणार. त्या म्हणाल्या, "अण्णा, पहिली गोष्ट ऐकून मला दर वर्षी वाटायचं, आपल्याच्यानं हे होणार नाही. बटण मला लावता येतं."

०००

वही संपत आली तेव्हा अण्णा म्हणाले, डोळ्यांचं ऑपरेशन व्हायच्या आधी एकदा त्या गावांतलं एक तरी बघून येऊ. वहीत सगळ्यांत जास्त वेळा आलेलं गाव होसहळ्ळी. होसहळ्ळी म्हणजे नवं गाव. या नावाची गावं इथे किती आहेत ते मॅपवर टाकल्यावर कळलं. पश्चिमेकडच्याच बाजूला तीन निघाली. आम्ही शनिवारी सकाळी कॅब करून निघालो.

पहिल्या होसहळ्ळीत लोकांना वाटलं, आम्ही रस्ता रुंद करायला आलोय. त्यांनी आम्हाला आपापल्या कुंपणाच्या खुणा दाखवल्या आणि कुंपण पूर्वीपासून इथेच आहे हे शपथेवर सांगितलं. अण्णा रंगोबाबद्दल विचारत होते, ते कुंपणाबद्दल सांगत होते. दोन्हीकडून फार आदरानं बोलणं झालं.

दुसऱ्या होसहळ्ळीत आम्हाला जमीन विकत घ्यायला आलेले समजून सरळ शेतावर नेलं. अक्कांना विहिरीचं पाणीही चाखायला लावलं. त्यांनी गोड आहे म्हणून सांगितलं, तर तो माणूस म्हणाला, "मग ठरलं."

तिथून सुटका होईपर्यंत दुपार टळली. तिसऱ्या होसहळ्ळीत पोचलो तेव्हा चार वाजले असतील. छोटं गाव, नाचणीची शेतं, मध्ये देवळाचा कट्टा. कट्ट्यावर चार म्हातारे बसले होते. अण्णांनी प्रत्येकाला वेगळं विचारलं. इथे पूर्वी कुणी उपदेशक येत होता का? रंगप्पा? रंगोबा? शिवणकाम करायचा. मेंथ्यदवरु म्हणून कुणी ऐकलंय? प्रार्थनेची एखादी खोली?

नाही. कुणी नाही. काही नाही. एक म्हातारा विचार करून म्हणाला, "शिंपी तर आता आठवडे बाजाराच्या गावातच मिळतो."

अण्णांनी कट्ट्यावर हात ठेवला, जरा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "चला. अंधाराच्या आत शहरात शिरू."

आम्ही कॅबकडे निघालो तर वाटेत एक बैलगाडी अडलेली. अक्कांच्याच वयाची एक बाई, गाडीत वैरण, एकच बैल. ओढ्याच्या उतारापाशी बैल थांबला होता आणि काही केल्या पाय टाकेना. बाईनं मारलं नाही, ओरडली नाही. खाली उतरली, त्याच्या कानाशी गेली, मानेवर हात ठेवला आणि म्हणाली,

"चल रे माझ्या राजा. घर आलं."

शब्द चक्क मराठी होते. अक्का जागच्या जागी थांबल्या. मीही. अण्णांना मराठी येत नाही, त्यांना कळेना आम्ही का थांबलो.

अक्कांनी मराठीत विचारलं, "बाई, तुम्ही मराठी आहात?"

बाईनं कानडीत विचारलं, "काय म्हणता?"

अक्कांनी पुन्हा विचारलं, या वेळी कानडीत. तुमच्या घरी मराठी बोलतात का? बाई म्हणाली, मराठी काय असतं ते तिला ठाऊक नाही. तिचं माहेर इथलंच, सासरही इथलंच.

"मग आत्ता बैलाला काय म्हणालात?"

"बैलाला म्हणायचं तेच. सगळं गाव म्हणतं. माझी आजी म्हणायची."

"पण त्याचा अर्थ काय?"

बैल एव्हाना उतार उतरून ओढ्यात शिरला होता. बाईनं पदर खोचला आणि त्याच्यामागून पाण्यात पाय टाकत म्हणाली, "अर्थ मला कसा माहीत असणार? बैलाला कळतो."